सहा फुटी खाऱ्या टाकीचा सांडवा कसा आखायचा

पावसाळा लागला की सांगलीत दोन प्रश्न रोज कानावर येतात. कोयनेतून किती सोडलं? आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट आहे? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५७ फुटांच्या घरात गेली, आणि पाण्याचं सगळ्यात साधं गणित आम्हा सांगलीकरांच्या अंगात भिनलं. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त झालं की पातळी चढते, आणि वाट मिळेपर्यंत चढतच राहते.

मोठ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकला हेच गणित लागू पडतं. माझं सांगली-मिरज रस्त्याला ठिबकचं दुकान आहे आणि घरी बरीच वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह घ्यायला येणारे हौशी लोक काउंटरवर कागद पसरून बसतात. मध्यंतरी मिरजेचे एक तरुण डॉक्टर आले. दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये सहा फुटी टाकी करायची होती. कागदावर टाकीच्या कोपऱ्यात एक इंची भोक, खाली दुसरी टाकी, आणि ताशी ६००० लिटरचा पंप. म्हणाले, "काका, पाणी वर जातंय, खाली येतंय. आणखी काय लागतं?" त्यांच्याशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी रचना समजून घेऊ. वर दिसणारी टाकी आणि खाली कपाटात लपवलेली दुसरी टाकी, तिला या छंदातले लोक संप म्हणतात. वरचं पाणी आपल्या वजनाने पाइपातून खाली येतं. खाली ते गाळलं जातं, प्रोटीन स्किमरमधून त्यातली घाण फेसाच्या रूपाने बाहेर पडते, चिलर लावला असेल तर थंड होतं, आणि रिटर्न पंप ते परत वर फेकतो. वरच्या टाकीतून पाणी बाहेर पडण्याची जी कड, तिला ओव्हरफ्लो म्हणतात. आपल्याकडे धरणाला जो सांडवा असतो, तेच हे.

सांडव्याची कड फक्त वरचा थर घेते, आणि हाच तिचा मोठा फायदा. खाऱ्या टाकीत पाण्यावर तेलकट, प्रथिनांचा तवंग धरतो आणि हवा-पाण्याची देवघेव अडते. समुद्राच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, तर खाऱ्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की आणखी घटतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तवंग सतत खाली वाहून गेला पाहिजे, आणि तो पातळ थराने गेला पाहिजे. जाड थरात तवंगाखालचं स्वच्छ पाणीच जास्त जातं.

थर किती पातळ होणार हे कडेच्या लांबीवर ठरतं. डॉक्टरांची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे काठोकाठ सुमारे ६८० लिटर. संपातून तासाला टाकीच्या पाचपट पाणी फिरवायचं ठरवलं तर ३४०० लिटर. धरणाच्या सांडव्याला जे सूत्र लावतात तेच इथे लावलं तर २० सेंटिमीटरच्या कडेवरून हे पाणी जाताना जवळजवळ १९ मिलिमीटर जाड थर बनतो. कड ६० सेंटिमीटर केली की थर ९ मिलिमीटरवर येतो. टाकीच्या पूर्ण लांबीभर कड केली तर जेमतेम ४ मिलिमीटर. लांबी तिप्पट, जाडी साधारण निम्मी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मासे आत जाऊ नयेत म्हणून कडेला कंगव्यासारखे दाते कापतात. दात्यांनी लांबी खाल्ली जाते, निम्मी गेली तर ६० ची कड ३० चीच धरायची, आणि थर १४ मिलिमीटरचा होतो. म्हणून मी डॉक्टरांना कोपऱ्यातलं भोक रद्द करून मागच्या काचेच्या मध्यावर ६० सेंटिमीटर लांबीचा, आतून उथळ खोका घ्यायला सांगितलं. कडेवरून आलेलं पाणी या खोक्यात पडतं आणि तिथून पाइपात जातं.

आता पाइप. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

उभ्या पाइपातून पाणी दोन तऱ्हांनी खाली येतं. एक, पाइपाच्या भिंतीला चिकटून, मध्ये हवा. बेसिनमधून पाणी जाताना शेवटी जी गुडगुड होते ती हवा आणि पाण्याची ओढाताण असते. असा पाइप आवाज करतो आणि त्याच्या जाडीच्या मानाने फार थोडं पाणी वाहतो. दुसरी तऱ्हा सायफनची. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला, हवेचा बुडबुडा नाही. मग पाण्याचा सगळा स्तंभ खाली ओढतो आणि तोच पाइप कितीतरी जास्त पाणी नेतो, तेही निमूट. ८० सेंटिमीटर उतार असेल तर ३२ मिलिमीटरचा पाइपसुद्धा सायफनमध्ये ३४०० लिटर नेतो. ४० चा घेतला तर हातात भरपूर शिल्लक राहतं.

सायफनची अडचण एकच. तो येणाऱ्या पाण्याशी स्वतःहून जुळवून घेत नाही. पाइपाची ताकद पंपापेक्षा जास्त असेल तर तो खोका रिकामा करतो, हवा ओढतो, तुटतो, परत भरतो, परत ओढतो. रात्रभर हॉलमध्ये कमोड फ्लश केल्यासारखा आवाज येत राहतो. म्हणून त्या पाइपाला खाली गेट व्हॉल्व्ह बसवतात आणि पंपाइतकंच पाणी जाईल असा तो आवळतात. बॉल व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही. तो पाव वळणात उघडा-बंद होतो, केसभर फिरवायची सोय त्यात नाही. गेट व्हॉल्व्हची चकती पुष्कळ फेरे घेत हळूहळू सरकते.

पण कितीही नीट आवळलं तरी पंपाचं पाणी दिवसभर तंतोतंत सारखं राहत नाही. व्होल्टेज हलतं, गाळणी भरते. म्हणून शहाण्या लोकांनी दुसरा आणि तिसरा पाइप जोडला. दोन पाइपांच्या पद्धतीला हर्बी म्हणतात, तीन पाइपांच्या पद्धतीला बीनअ‍ॅनिमल. मोठ्या टाकीला मी तीनच सांगतो, आणि त्यात तडजोड करत नाही.

पहिला पाइप सायफनचा. पंपापेक्षा किंचित कमी पाणी नेईल एवढा आवळलेला. दुसरा उघडा, त्याचं तोंड थोडं वर. पहिल्याने सोडलेलं थोडंसं पाणी त्याच्या भिंतीवरून आवाज न करता झिरपतं. या दुसऱ्याच्या डोक्यावर एक बारीक हवेची नळी असते आणि तिचं तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर ठेवलेलं असतं. समजा पहिला पाइप चोंदला. खोक्यातली पातळी चढते, त्या बारीक नळीचं तोंड बुडतं, दुसऱ्या पाइपाची हवा बंद होते, आणि तो आपोआप पूर्ण सायफन होऊन सगळं पाणी खेचू लागतो. कुणी बटण दाबायला नको, कुठला सेन्सर नको. तिसरा पाइप सगळ्यात उंच आणि नेहमी कोरडा. तो वापरात आला तर समजायचं की पहिले दोन्ही अडले. तिघांपैकी प्रत्येक पाइप एकट्याने पंपाचं सगळं पाणी वाहून नेऊ शकला पाहिजे. जाडीत काटकसर करायची नाही.

एक बारीक गोष्ट, जी चित्रात कुणाला दिसत नाही. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात फक्त दोन-तीन सेंटिमीटर बुडलेलं असावं. जास्त बुडवलं तर सुरुवातीला पाइपात अडकलेली हवा बाहेर पडायला जोर लागतो, ती निघत नाही आणि सायफन धरतच नाही. मग माणूस व्हॉल्व्हशी झुंजत बसतो, आणि दोष असतो खालच्या टोकाचा.

तीन पाइपांवर माझा एवढा जोर का, तेही सांगतो. माझी पहिली टाकी चार फुटी होती, एकच पाइप. जून महिन्यातली पहाट. आई देवपूजेचं पाणी भरायला उठली आणि तिने हाक मारली, "अरं बाळा, फरशी चिकट का लागतीया? पाणी कुठनं आलं बघ." उठून बघतो तर काचेवरचं शेवाळ खायला आणलेली गोगलगाय चढत चढत खोक्यात गेली होती आणि पाइपाच्या तोंडात बुचासारखी बसली होती. पाणी टाकीच्या काठावरून काचेला धरून खाली उतरत होतं, जराही आवाज न करता. पण खरं नुकसान पुढे झालं. पाणी वर अडकल्यामुळे संपातला पंपाचा कप्पा रिकामा होत गेला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरून काढणारा आपोआप फ्लोट तिथेच होता. त्याला वाटलं पाणी आटलं. त्याने शेजारच्या पिंपातलं चाळीस लिटर गोडं पाणी संपात ओतलं. पंपाने ते वर फेकलं आणि खारं पाणी फरशीवर गेलं. सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं साधन, १.०२५ वरून १.०२२ वर आला होता. दोन झिंगे दुपारपर्यंत गेले. फरशीच्या सांध्यांत पांढरी मिठाची रेघ कितीतरी दिवस निघत नव्हती.

त्या पहाटेपासून मी कुठल्याही टाकीचा आराखडा दोन प्रश्न विचारून तपासतो. आत्ता लाइट गेली तर काय होईल? आणि आत्ता पाइप अडला तर काय होईल? पंप चालू आणि पाइप मोकळे असताना कुठलीही टाकी चांगलीच दिसते.

लाइट जाण्याचा हिशेब डॉक्टरांच्या टाकीवर करू. टाकीचा पृष्ठभाग १८३ गुणिले ६१ सेंटिमीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ११ लिटरच्या थोडं वर पाणी खाली येतं. पंप थांबला की दोन वाटांनी पाणी उतरतं. सांडव्यावरून, कडेपर्यंत. तो थर १४ मिलिमीटरचा, म्हणजे १६ लिटर. आणि रिटर्नच्या पाइपातून उलटं, कारण आता तोच पाइप सायफन झालेला असतो. त्या पाइपाचं वरचं तोंड, म्हणजे नोझल, पाण्याखाली जितकं खोल, तितकं पाणी तो खाली ओढणार आणि तोंडात हवा शिरली की थांबणार. नोझल चालू पातळीच्या ३ सेंटिमीटर खाली असेल तर सांडव्यावरचं धरून एकूण ३३ लिटर. पण कुणीतरी दगडांमागे प्रवाह मिळावा म्हणून ते २० सेंटिमीटर खोल घातलं, तर सव्वादोनशे लिटर!

खालचा संप चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच. काठोकाठ सुमारे २५५ लिटर. चालू असताना पाणी २३ सेंटिमीटरपर्यंत ठेवलं तर वर साधारण १२५ लिटरची जागा रिकामी राहते. ३३ लिटर, वर पाइपातलं आणि खोक्यातलं पंधरा-वीस लिटर, असे पन्नास-पंचावन्न लिटर त्यात सुखाने मावतात. सव्वादोनशे मावणार नाहीत, शंभरावर लिटर फरशीवर जाणार. संप आणखी भरून ठेवायचा मोह होतो, कारण जितकं पाणी जास्त तितकी टाकी स्थिर. पण ती रिकामी जागा पुरासाठी राखलेली असते. धरणात पावसाळ्याच्या तोंडावर जागा ठेवतात तशीच.

"मग रिटर्नला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवू," डॉक्टर म्हणाले. बसवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. खाऱ्या पाण्यात चुन्याचा थर धरतो, शेवाळाचा धागा अडकतो, आणि आतली झडप पूर्ण मिटत नाही. खात्रीची वाट म्हणजे नोझल वरच ठेवणं आणि पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपाला एक बारीक भोक पाडणं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक महिन्यातून एकदा टाचणीने मोकळं करायचं, कारण शेवाळ पहिल्यांदा तिथेच वस्ती करतं.

दुसरा प्रश्न, पाइप अडला तर. तेव्हा पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकणार. म्हणून तो कप्पा लहान हवा. ३० सेंटिमीटर लांबीचा कप्पा केला तर त्यात ३१ लिटर मावतात, आणि वरची पातळी फार तर पावणेतीन सेंटिमीटर चढते. टाकीचा काठ चालू पातळीच्या ५ सेंटिमीटर वर ठेवला की एक थेंब सांडत नाही. आणि तो आपोआप गोडं पाणी भरणारा फ्लोट? त्याचं पिंप लहान ठेवा, दहा-पंधरा लिटरचं. मोठं पिंप म्हणजे सोय वाटते, पण माझ्या घरात त्या सोयीनेच झिंगे मारले.

या फ्लोटबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो. टाकीतलं पाणी आटतं तेव्हा वरची पातळी उतरत नाही, सांडव्याची कड ती धरून ठेवते. सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. आणि वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची, तीही आरओची. आपल्या भागात नदीकाठाला किती रान क्षारपड झालंय ते बघा, आणि तिथल्या बोअरचं पाणी टाकीत ओतायचं का ते ठरवा.

पंप निवडताना शेतकऱ्याला फार सांगावं लागत नाही. मोटारीवर लिहिलेलं पाणी आणि मळ्यात पडणारं पाणी वेगळं, हे त्याला ठाऊक असतं. खोक्यावर ६००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर लिहिलेला पंप दीड मीटर चढाला बराच खाली येतो. प्रत्येक काटकोनी एल्बो आणखी खातो, म्हणून शक्य तिथे दोन पंचेचाळीसचे बेंड घालावेत. आणि अंदाज करत बसू नका. २० लिटरची बादली नोझलखाली धरा, मोबाइलवर वेळ लावा. २१ सेकंदांत भरली तर ताशी ३४०० लिटर.

सामान सगळं आपल्या ठिबकच्या बाजारात मिळतं. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, काचेला टँक निप्पल, प्रत्येक जोडाला युनियन, म्हणजे साफ करताना करवत लागत नाही. पितळेचा किंवा तांब्याचा एकही तुकडा पाण्याला लागू देऊ नका. तांबं झिंग्यांना, गोगलगायींना आणि प्रवाळांना विष आहे. भोकं टाकी भरण्याआधी, डायमंडच्या बिटने, पाणी सोडत पाडायची. टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती क्षणात चुरा होते. म्हणून काचवाल्याला आधी विचारा.

आता टाकीच्या आतला प्रवाह. इथे एक गोंधळ दूर करायला हवा. संपातून फिरणारं पाणी गाळण्यासाठी असतं, तासाला तीन ते पाचपट त्याला पुरतं. टाकीत जो समुद्रासारखा हेलकावा हवा, तो वीसपट किंवा जास्त लागतो, आणि तो रिटर्न पंपाकडून घेऊ नये. तेवढं पाणी सांडव्यावरून पाठवायचं म्हणजे मोठे पाइप, मोठा आवाज, मोठं बिल. ते काम वेव्हमेकर, म्हणजे टाकीच्या आत काचेला लावायचे प्रवाहाचे छोटे पंप, करतात. दोन्ही बाजूंच्या काचांवर एकेक लावून आळीपाळीने चालवले की पाणी एकदा इकडून, एकदा तिकडून येतं. दगड मागच्या काचेला टेकवू नका, हाताचा पंजा जाईल एवढी फट ठेवा, नाही तर तिथे गाळ साचून कुजतो. प्रवाह पोचतो का ते बघायचं तर माशांचं बारीक खाणं चिमूटभर सोडा आणि कण कुठे थबकतात ते पाहा. जिथे थबकतात तिथे गाळ बसणार.

प्रवाळ एका जागी चिकटलेले असतात. त्यांच्या अंगालगत पाण्याचा एक स्थिर थर असतो, आणि तो हलला नाही तर अन्न पोचत नाही, श्लेष्मा धुतला जात नाही. मात्र एक सांगितलंच पाहिजे. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. डॉक्टरांनी मासे आणि दगड एवढ्यावरच टाकी करायचं ठरवलं, आणि मला ते मनापासून पटलं.

इन्व्हर्टरवर काय लावायचं हेही तेव्हाच ठरवा. रिटर्न पंप नव्हे, एक वेव्हमेकर. दहा-बारा वॉटचा असतो, तोंड पृष्ठभागाकडे करून ठेवला की प्राणवायू मिळत राहतो. दवाखान्यात लाइट आणि माणसं दोन्हींची ये-जा असते. लाइट गेली तरी मासे त्या एका वेव्हमेकरवर तग धरतात.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्याने चाचणी घ्यायची. दोन्ही टाक्या मिळून जवळजवळ ८०० लिटर पाण्याला २८-३० किलो मीठ लागतं, ते फरशीवर सांडू नये. डॉक्टरांकडे रविवारी गेलो. दवाखाना बंद होता. पंप चालू केला, गेट व्हॉल्व्ह आवळत आवळत आवाज जिरवला. मग स्विच बंद केला. संपातलं पाणी चढत चढत ३३ सेंटिमीटरच्या खुणेपाशी थांबलं. पेन्सिलने आधीच खूण केली होती. दहा वेळा बंद-चालू केलं, दहाही वेळा सायफन मिनिटभरात धरला.

शेवटी डॉक्टरांना म्हटलं, आता पहिल्या पाइपावर तळवा दाबून धरा. त्यांनी हात खोक्यात घातला आणि तोंड बंद केलं. पाणी चढू लागलं. एक सेंटिमीटर, दोन. काठाकडे बघत ते म्हणाले, "काका, सोडू का?" म्हटलं, थांबा. बारीक नळीचं तोंड बुडालं, दुसरा पाइप एकदा गुरगुरला, मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला, आणि पाणी त्यांच्या मनगटावरून हळूहळू खाली सरकायला लागलं.